ई-कोर्ट्स ॲप: सोलापूरच्या जुन्या केसचा निकाल शोधताना

वडिलांचा वाटपाचा दावा बार्शी कोर्टात चालला होता, निकाल लागून बरीच वर्षं झाली आणि घरात एक कागद सापडंना. एका एजंटनं नुसता केस नंबर काढून द्यायचे तीन हजार सांगितले, मग म्हटलं आपणच बघू.

ई-कोर्ट्स हे कोर्टातल्या केसेसची माहिती बघायचं सरकारी ॲप, ते फुकट आहे. महाराष्ट्र, मग सोलापूर, मग कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं, इथं नीट बघा कारण बार्शी, पंढरपूर असं तालुक्याचं कोर्ट वेगळं निवडावं लागतं, सोलापूर शहर लावून बसलात तर काहीच दिसणार नाही. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं, पण निकाली केस असेल तर 'डिस्पोज्ड' निवडा. नावाचं इंग्लिश स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघा, मला तिसऱ्यांदा सापडलं. केस सापडली की 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख नंबर) लगेच लिहून ठेवा, पुढं सगळं त्यावरच निघतं.

एक मात्र लक्षात घ्या, ॲपवरनं डाउनलोड केलेली पीडीएफ वाचायला ठीक, पण ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हं. त्यासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज आणि फी भरावीच लागते. अपील करायचं असेल तर नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतनं वगळतात, 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 12, म्हणून अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर आहे का ते तिथंच तपासा.

माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार.