‘काय होतंय?’ की ‘ताप आहे का?’ : ओपीडीत हिस्ट्री घेण्याच्या दोन पद्धती

प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राच्या वर्षाला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेला, रुजू होणाऱ्या एका मुलीचा मागच्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, सकाळच्या ओपीडीला ऐंशी-नव्वद केसपेपर निघतात म्हणे. एकेकाला बोलू देत बसले तर दोन वाजेपर्यंत निम्मेसुद्धा होणार नाहीत. सरळ प्रश्न टाकत सुटू का?" मी घाईत होते, काहीतरी अर्धवट बोलले. पुरतं उत्तर आता लिहिते.

हिस्ट्री घ्यायची, म्हणजे विचारून तक्रार समजून घ्यायची, तर तिच्यापुढे रस्ते दोनच. एक, "बोला मावशी, काय होतंय?" म्हणायचं आणि गप्प बसायचं. दुसरा, ताप? खोकला? किती दिवस? जेवण जातं? असे हो-नाहीचे प्रश्न एकामागोमाग एक. पहिल्याला मी मोकळा प्रश्न म्हणते, दुसऱ्याला नेमका. 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम आलं, म्हणजे डॉक्टरची वागणूक, नीती आणि संवाद यांचा अभ्यास, त्यात हे शिकवतात. आम्ही मात्र सिनियरच्या मागे उभं राहून उचललं, त्यांच्या खोडींसकट.

आधी घड्याळाचं बघू, कारण खरी भीती त्याचीच आहे. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेतल्या 74 भेटी टेपवर ऐकल्या. रुग्णानं तोंड उघडल्यापासून डॉक्टरनं त्याला तोडेपर्यंत सरासरी 18 सेकंद गेले होते. सांगायला घेतलेलं पुरं करता आलं ते फक्त 17 जणांना. आता न तोडता बसलं तर रुग्ण किती बोलतो? स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या एका ओपीडीत 335 रुग्णांवर हे मोजलं, त्याचा अहवाल 2002 मध्ये आला. सरासरी 92 सेकंद. निम्मे लोक तर मिनिटभरातच थांबले. म्हणजे "बोलू दिलं तर पुराण लावतील" ही समजूत बहुतेकांच्या बाबतीत खोटी. एखादे आजोबा लावतात पुराण, नाही असं नाही. पण त्या एकासाठी उरलेल्या एकोणनव्वद जणांचं तोंड दाबायचं का?

स्विस डॉक्टरपुढे अख्खा तास असेल, आपलं काय, हा प्रश्न रास्त आहे. 67 देशांतल्या भेटींच्या वेळेचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारताचा आकडा दोनेक मिनिटांचा होता. त्या दोन मिनिटांतलं पहिलं मिनिट कुणाला द्यायचं, एवढाच निर्णय तुझ्या हातात आहे.

आता तीच बाई, दोन्ही पद्धतींनी.

नेमक्या प्रश्नांची वाट:
"छातीत दुखतं?" "न्हाई."
"धाप लागते?" "न्हाई ओ."
"मग काय?" "ग्यास झालाय."
केसपेपरवर अ‍ॅसिडिटीची गोळी, पुढचा नंबर.

मोकळ्या प्रश्नाची वाट:
"बोला मावशी." ती पदर सावरते, शेजारच्या खुर्चीकडे बघते, मग म्हणते, "काय सांगू. हंडा घेऊन चढाला लागलं की हितं भरून येतंय. जबडा ताठतो. जरा टेकलं की जातंय. सून म्हणती ग्यास हाय."

चढावर येतं, टेकलं की जातं. अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या त्रासाची, व्याख्या पुस्तकात याहून चांगली नाही. आणि पहिल्या वाटेवरही बाई खोटं बोललेली नव्हती, कारण तिच्या लेखी ते दुखणं नव्हतंच. आपल्याकडे छातीत कळ येते, चमक निघते, जळजळतं, दडपल्यासारखं होतं, भरून येतं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘दुखतं का’ हा शब्द आपण पुढे केला की तो बाकीच्या सगळ्यांवर बसतो. मोकळा प्रश्न रुग्णाचा शब्द हाती देतो, आणि पुढचे नेमके प्रश्न त्याच शब्दात विचारायचे असतात. "भरून येतं तेव्हा घाम सुटतो का?" असं.

तक्रार कळायची असेल तर माझं मत सरळ मोकळ्या प्रश्नाच्या बाजूचं आहे. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 80 नवे रुग्ण बघितले. त्यातल्या 66 जणांचं शेवटी ठरलेलं निदान आणि पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून, हिस्ट्री घेऊन केलेलं निदान एकच निघालं. तेव्हा सोनोग्राफीही दुर्मीळ होती हे खरं. पण तुझ्या आरोग्य केंद्रात तरी ती कुठे आहे?

यातलीच एक बारीक गोष्ट मला फार आवडते. भेट संपताना आपण विचारतो, "अजून काही त्रास आहे का?" आणि उत्तर येतं, "नाही." दाराशी गेल्यावर पेशंट वळतो आणि मग खरी गोष्ट निघते. हेरिटेज या संशोधकानं 2007 मध्ये अमेरिकेत 20 डॉक्टरांबरोबर प्रयोग केला. काहींनी ‘काही आहे का’ या धाटणीचा प्रश्न विचारायचा, काहींनी ‘आणखी काहीतरी असेलच’ असं गृहीत धरणारा. इंग्रजीत फरक एका शब्दाचा. पण दुसऱ्या प्रश्नानं सांगायच्या राहून गेलेल्या तक्रारी 78 टक्क्यांनी घटल्या, आणि भेटीचा वेळ फारसा वाढला नाही. मराठीत हे आपल्याला फुकटात मिळतं. "अजून काही?" ऐवजी "अजून काय काय होतंय?" म्हण. पहिल्यात ‘नाही’ आधीच बसलेलं आहे.

इथवर वाचून नेमके प्रश्न टाकून द्यायचे असं वाटलं असेल तर थांब. काही ठिकाणी मोकळा प्रश्न सपशेल हरतो.

मिश्रीचं घे. "काही व्यसन?" म्हटलं की बायका हसतात. "तंबाखू खाता?" "छे." खरंच खात नाहीत. तव्यावर भाजून कुटलेली मिश्री सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात, आणि ती त्यांच्या हिशोबी तंबाखू नव्हे, दात घासणं आहे. "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" असंच विचारावं लागतं, तेही मान खाली घालून लिहिता लिहिता, सहज. ‘लावता का’ नाही, ‘किती वेळा’. दारूचंही तेच, गोळ्यांचंही तेच. "गोळ्या घेता ना नियमित?" या प्रश्नाला महाराष्ट्रात ‘हो’ सोडून दुसरं उत्तर नाही. "गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली?" म्हटलं की माणूस बोटं मोजायला लागतो.

अंगावरून पांढरं जाणं हे त्याहून अवघड. भरल्या ओपीडीत "काय होतंय" म्हटल्यावर कुठली बाई हे सांगेल? ती कंबर दुखते म्हणते, थकवा म्हणते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची पाहणी केली, तो निबंध 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संबंधातून होणारा आजार होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ‘पांढरं जातं का’ हे त्यांच्याच शब्दात, आडोशाला, दार लावून विचारावं लागतं. नवऱ्याला तेवढ्यात केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठव. ही युक्ती सिस्टरनं मला शिकवली, कॉलेजनं नाही.

जीव द्यायचे विचार येतात का, हेसुद्धा नेमकंच विचारायचं. विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं ही भीती निराधार आहे. हो म्हणाला तर पुढचा प्रश्न, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता.

साप चावलेला, विष प्यायलेला, झटका आलेला माणूस समोर असेल तर पद्धत निवडत बसायचं नसतं. कधी, काय, किती, त्यानंतर काय केलं. बस.

छापील फॉर्मचं थोडक्यात. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका जोखायची यादी, भरतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर. गावभर चाळणी लावायला तो चांगला. तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर तसाच कागद धरून बसलीस तर तो कागदालाच उत्तरं देईल.

दुभाषी कोण, हाही निवडीचाच मुद्दा. मेळघाटात असताना एक आजी कोरकूत मिनिटभर हात हलवून बोलली आणि नातवानं मला सांगितलं, "ताप आहे म्हणते." उरलेलं मिनिट कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. घरचं माणूस लगेच मिळतं, पण ते गाळतं, सावरतं, स्वतःचं मत घालतं. आशाताई बहुतेकदा जास्त नेटकं सांगते, पण ती त्याच गावात राहते. म्हणून ताप-खोकल्याला आशा, पाळी किंवा गर्भपाताच्या गोष्टीला बाहेरगावची सिस्टर. आणि कुणीही असो, तू दुभाष्याकडे न बघता आजीकडे बघून बोल.

तर नव्वद पेशंटच्या सकाळी मी काय करते? पहिलं मिनिट मोकळं, पेन खाली ठेवून. मग त्यांच्याच शब्दात चार-पाच नेमके प्रश्न. सवयी आणि गोळ्यांचे आकडे लिहिता लिहिता. शेवटी "अजून काय?" वेळ कमी पडला तर मी मधले प्रश्न कापते, पहिलं मिनिट नाही.

आणि उठायच्या आधी, "मी नीट सांगितलं का बघू. घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार?" ही परीक्षा माझी आहे असं दाखवायचं, त्यांची नाही. परवा एका काकांना विचारलं. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि खात्रीनं सांगितलं, "डोकं जड झालं की अर्धी." बीपीची गोळी होती. रोज सकाळी एक, असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.