कोरसला उभं राहायला शिकवणारे सर: आठ दिवसांच्या शिबिराचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हे लांबणार आहे. आमच्या हौशी नाटक ग्रुपमधल्या २६ जणांनी प्रत्येकी हजार रुपये काढून पुण्याहून एक सर आणले होते, फक्त कोरसच्या, म्हणजे मिळून गाणाऱ्या घोळक्याच्या, हालचाली बसवायला, आठ दिवसांसाठी. त्यानंतर बेळगावातल्या आणि खानापूरकडच्या तीन ग्रुपांनी मला फोन करून विचारलं की कसे होते, पैसे वसूल झाले का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी पण आहेत आणि माणूस वाईट नव्हता.

मी नाटकात नाही, मी खाली बसून पेटी वाजवते. म्हणजे २६ जणांची तोंडं (किंवा पाठी, त्याबद्दल पुढं) सगळ्यात जास्त मीच बघितली आहेत.

आम्ही काय करत होतो ते आधी. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचं 'ट्रायल बाय ज्युरी' म्हणून एक छोटं विनोदी ऑपेरा आहे, लंडनला १८७५ ला झालेलं, एकाच अंकाचं, मूळचं जेमतेम ४० मिनिटांचं, आणि त्यात गद्य वाक्य एकही नाही, सगळं गायचं. लग्नाचं वचन मोडलं म्हणून मुलीनं दावा लावलाय, ज्युरी आधीपासूनच मुलीच्या बाजूची, मुलगा म्हणतो आज हिच्याशी लग्न करतो उद्या तिच्याशी करतो, आणि शेवटी कंटाळून जज्जच म्हणतो मीच करतो हिच्याशी लग्न. आमच्यातल्या एका वकील काकांनी ते मराठीत केलं, चाली मूळच्याच ठेवल्या. रॉयल्टीची भानगड नाही, गिल्बर्ट १९११ ला गेला आणि १९६१ संपलं तसा त्याचा कॉपीराइट पण संपला. आपल्याकडं ज्युरी कधीच बंद झाली, लोकांना नानावटी केसपुरती आठवते, म्हणून आम्ही ज्युरीचे पंच केले, बारा पंच, आठ करवल्या आणि कोर्टात मजा बघायला आलेले सहा जण. कोर्ट म्हटलं की आमच्या भागात एकच केस आठवते, सीमावादाची, ती २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आमची निदान ५५ मिनिटांत निकाली निघते असं काका प्रत्येक प्रयोगाआधी सांगतात आणि प्रत्येक वेळी हशा घेतात.

अडचण अशी होती की यात कोरस सारखा स्टेजवर असतो आणि आपल्याला त्याची सवयच नाही. आपली सवय संगीत नाटकाची. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांचं शाकुंतल पुण्याला १८८० ला झालं, म्हणजे या लंडनच्या ऑपेरानंतर पाचच वर्षांनी, पण आपल्या नाटकात पद म्हणजे एकट्यानं पुढं यायचं, उभं राहायचं, गायचं, वन्समोर घ्यायचा. बाकीचे तोवर काय करतात? काही नाही करत, धोतराचा सोगा सारखा करतात. त्यामुळं आमच्या पहिल्या दोन महिन्यांच्या तालमीत २६ माणसं अर्धगोलात उभी आणि सगळ्यांचे हात समोर बांधलेले. व्हिडिओ काढून बघितला तर शाळेच्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो वाटत होता, फक्त फोटो गात होता.

म्हणून सर आणले. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, रविवारी दिवसभर, टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये.

पहिले दोन दिवस, खरं सांगते, मला वाटलं पैसे गेले. हॉलभर नुसतं चालायचं, टाळी वाजली की थांबायचं, परत चालायचं, कुणाच्या डोळ्यात बघायचं, कुणाच्या नाही बघायचं. आमच्यात ६७ वर्षांचे काका आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना खाली मांडी घालून 'झाड व्हा' म्हटल्यावर ते म्हणाले, "झाड होतो की ओ सर, पण परत उठवूचं कोण?" आणि निम्मे लोक वेळेवर येतच नव्हते, कारण दुसऱ्या रेल्वे गेटाला अडकले. ते कारण खरं का खोटं हे बेळगावात कुणी विचारत नसतं. दोन दिवसांचे सहा तास म्हणजे साडेसहा हजार रुपये फक्त चालण्यात गेले, हा हिशोब मी तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सरांना बोलून पण दाखवला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी कॅरम मागितला. आम्हाला वाटलं ब्रेक आहे. ते म्हणाले की गिल्बर्ट स्वतःच्या नाटकाची तालीम घ्यायच्या आधी घरी स्टेजचं छोटं मॉडेल मांडायचा आणि त्यावर लाकडी ठोकळे हलवायचा, पुरुषाचा ठोकळा तीन इंचाचा, बाईचा अडीच इंचाचा, आणि कोण कुठून कुठं जाणार हे तालमीला यायच्या आधीच त्याचं ठरलेलं असायचं. तसं आम्ही कॅरमवर केलं. काळ्या सोंगट्या पंच, पांढऱ्या करवल्या, राणी म्हणजे वादी मुलगी. सोंगट्या १९च आणि माणसं जास्त, मग बाकीच्यांना शर्टाची बटणं. आणि तिथं पहिल्यांदा सगळ्यांना वरनं दिसलं की आपण काय करतोय ते. करवल्या आत येतात तेव्हा सगळे पंच एकाच बाजूला गोळा होतात आणि निम्मं स्टेज ओसाड पडतं, हे दोन महिने आम्हाला कुणाला दिसलं नव्हतं, कॅरमवर पाच मिनिटांत दिसलं. मागच्या रांगेतल्या माणसानं पुढच्या दोघांच्या खांद्यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं हे पण तिथंच कळलं. आधी मागचे सगळे बरोब्बर पुढच्याच्या डोक्यामागं उभे राहून गात होते आणि आवाज का येत नाही म्हणून माईकवाल्याला शिव्या घालत होते.

दुसरी कामाची गोष्ट, स्टेजच्या पुढच्या कडेला टेप लावून आकडे. मध्यभागी शून्य, तिथून दोन्ही बाजूंना दोन दोन फुटांवर २, ४, ६, ८. आता 'जरा सरक, अजून जरा' हा प्रकारच बंद, 'तू डाव्या सहावर' म्हटलं की झालं. फक्त डावं उजवं यात घोळ होता, सरांचं उजवं म्हणजे नटाचं उजवं, आमचं उजवं बघणाऱ्याचं. अर्धा तास आपटाआपटी झाल्यावर आमच्या लोकांनीच तोडगा काढला, एक बाजू भटारखान्याची, दुसरी गाड्या लावतात ती. प्रयोग खऱ्या नाट्यगृहात झाला, तिथं भटारखाना कुठला असायला, तरी ग्रँड रिहर्सलला सगळे 'मी भटारखान्यातनं येतो' असंच म्हणत होते आणि तिथला लाइटवाला घाबरून विचारत होता आत जेवणावळ आहे काय.

मोजणीची पण गंमत. सर पाच सहा सात आठ असं इंग्रजीत मोजायचे, पंचांतले दोघे घरी कन्नड बोलणारे, ते आपले हळू आवाजात ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आणि पाय चुकत नव्हते ते या दोघांचेच. शेवटी सगळेच पंच कन्नडमध्ये मोजायला लागले.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी या माणसाला परत बोलवेन. मला वाटलं होतं हालचाल म्हणजे नाच बसवणार, हात वर हात खाली. त्यांनी आमचे निम्मे हातवारे काढूनच टाकले. त्यांचं म्हणणं, एकटा गात असताना कोरसनं काही 'करायचं' नाही, फक्त ऐकायचं, आणि ऐकताना आधी डोळे, मग मान, मग लागलं तरच पाय. प्रत्येकाकडनं त्यांनी लिहून घेतलं की तू कोण, आज कोर्टात का आलास. आमच्या किराणा दुकानवाल्या मित्रानं लिहिलं, "मी उधारीची केस लावायला आलो होतो, चुकून या खोलीत शिरलो." तो पूर्ण प्रयोगभर हातात चोपडी धरून दाराकडं बघत होता आणि लोक त्यालाच बघून हसत होते.

चिठ्ठीचा सीन तर बघण्यासारखा झाला. मूळ नाटकातच आहे, करवल्या येतात तेव्हा जज्जाला पहिली करवली आवडते, तो पट्टेवाल्याबरोबर तिला चिठ्ठी पाठवतो, मग वादी मुलगी आत आल्यावर तिला बघून तीच चिठ्ठी करवलीकडनं काढून हिला द्यायला लावतो. आधी आमच्यात यावर हशाच येत नव्हता, कारण चिठ्ठी कुणाला दिसतच नव्हती. सरांनी जज्जाला काहीही सांगितलं नाही, पंचांना सांगितलं. बारा माना, चिठ्ठी जिकडं तिकडं. पट्टेवाला थांबला की माना थांबणार, तो परत वळला की माना वळणार, आणि पाय अजिबात हलता कामा नयेत. एवढंच. दीड तास त्या एका मिनिटावर घालवला. प्रयोगाला चिठ्ठी करवलीच्या हातातनं परत निघाली आणि बारा माना एकदम मागं फिरल्या, तेव्हा जो हशा आला त्यात माझी पेटी चार मात्रा कुणाला ऐकूच गेली नाही.

आणि यात सगळ्यात तयारीचे कोण निघाले माहिती आहे? शिवजयंतीच्या चित्ररथात उभी राहणारी आमच्या गल्लीतली पोरं. रात्रभर ट्रॉलीवर तलवार उगारून न हलता उभं राहायची सवय असलेली पोरं ती, त्यांना 'फ्रीज' शिकवायची गरजच पडली नाही. सर चाट पडले, म्हणाले पुण्यात हे शिकवायला आठवडा जातो. घाशीराम कोतवालमधल्या ब्राह्मणांच्या रांगेचं उदाहरण त्यांनी दिलं, १९७२ च्या त्या नाटकात कृष्णदेव मुळगुंदांनी माणसांचाच पडदा केला होता, उघडतो, मिटतो, मागचं लपवतो. आमची पोरं म्हणाली आम्ही अफजलखानाचा शामियाना असाच केलता.

आता तक्रारी. सरांचा पिंड नाचाचा आहे, गाण्याचा नाही, आणि ते जाणवतं. पहिल्या कोरसला, कोर्टात दहाचे टोले पडतात ते गाणं, त्यात लांब ओळीच्या मध्यावर त्यांनी तीन पावलं आणि एक गिरकी टाकली. गिरकी छान, पण दम कुठं घ्यायचा? गाणारे ओळीच्या शेवटाला पोचायचे तेव्हा नुसती हवा यायची. शिवाय गिरकीत माझ्याकडं पाठ, मग गाण्याची उचल कुठली घेणार? मी चार दिवस सांगत होते, ऐकलं पाचव्या दिवशी. मग असं ठरलं की पाऊल श्वासावर टाकायचं आणि सूर लागला की तिथंच राहायचं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी पेटीवाल्याला शेजारी बसवून ठरवायला पाहिजे होतं.

त्याहून मोठी तक्रार मोबाइलची. त्यांनी तालमी घेतल्या फोनवरच्या इंग्रजी ट्रॅकवर. तो ट्रॅक पळतो. आमचे मराठी शब्द त्या वेगात तोंडात बसत नाहीत म्हणून मी जरा ओढून वाजवते, त्यामुळं माझ्याबरोबर पहिली तालीम केली तेव्हा सगळे पोचायच्या आधीच पोचलेले आणि उरलेल्या मात्रा एकमेकांकडं बघत उभे. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मी तिथंच हॉलमध्ये बसलेली असताना फोन कशाला लागतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

कपड्यांचा विचार पण नाही. करवल्या नऊवारीत, पंच धोतरात, आणि सरांनी पावलं बसवली ट्रॅक पँटवर. सहाव्या दिवशी साड्या नेसून आल्या तर पावलाचं माप निम्म्यावर आलं, मग टेपवरचे सगळे आकडे परत. खाली ठेवलेल्या माईकमध्ये चपलांचा आवाज येतो हे पण आम्हीच सांगितलं, शेवटी सगळे अनवाणी.

बाकी माणूस साधा. राहायची सोय एका मेंबरच्या घरी, जेवणाची कटकट नाही, कुंदा रोज लागायचा एवढंच. पैसे आधी निम्मे, नंतर निम्मे, पावती मागितली तर लगेच दिली.

पाचपैकी साडेतीन. बोलवणार असाल तर गाणी आधी पूर्ण पाठ करून घ्या, आमच्या चौघांच्या हातात तिसऱ्या दिवशी पण कागद होते आणि कागद धरलेल्या माणसाची मान फिरत नाही. आठाऐवजी सहा दिवस मागा आणि पहिले दोन दिवसांचं चालणं एका संध्याकाळीत उरकायला सांगा. पहिल्या दिवसापासून साड्या आणि धोतरं. फोन काढून घ्या.

आणि टेप कागदी वापरा. आम्ही प्लॅस्टिकची लावली, तिचा गोंद फरशीवरनं निघाला नाही म्हणून मंगल कार्यालयानं डिपॉझिटमधले पाचशे कापले. गेल्या आठवड्यात तिथं एका लग्नाला गेले होते, पंगतीत डाव्या चारवर बसून जेवले.