पीसीपी मॅच एअर रायफल: फौजेतल्या नेमबाजीनंतर काही महिन्यांचा वापर

इन्सास किंवा एसएलआर या फौजी रायफलींवर वर्षानुवर्षे फायर केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर दहा मीटरची मॅच, म्हणजे स्पर्धेची, पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घ्यावी का? जरूर घ्यावी. श्वासावरचा ताबा, ग्रुपिंग (लक्ष्यावर शॉट एकमेकांजवळ कसे पडलेत ते) वाचायची सवय, रेंजची शिस्त हे सगळं इथे कामी येतं. अडचण होते ती धक्का सोसायला तयार झालेल्या शरीराची.

या रायफलला धक्का जवळजवळ नाहीच. तरीही जुना हात ती खांद्यात घट्ट ओढतो आणि नेमका तोच ताण नळीच्या टोकाला थरथर म्हणून दिसतो. लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा आणि पुढची प्रत्येक रिंग त्रिज्येत 2.5 मिमीची, त्यामुळे एवढीशी थरथरही महाग पडते. शरीर लक्ष्याला आडवं ठेवा, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा आणि वजन हाडांवर सोडा. मग डोळे मिटून दोन श्वास घ्या. उघडल्यावर फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) रिंग लक्ष्यापासून बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढू नका, मागचा पाय सरकवा. बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गालाचा आधार) आधी बसवा, साइटला नंतर हात लावा. मान खाली झुकवावी लागत असेल तर चीकपीस चुकलाय.

ट्रिगर दोन टप्प्यांचा, एकूण साधारण 100 ग्रॅमचा. काही किलोंच्या सर्व्हिस ट्रिगरला सरावलेलं बोट पहिला टप्पा जाणवायच्या आतच शॉट सोडतं. यावर ड्राय फायरइतका, म्हणजे पेलेट (छर्रा) न घालता ट्रिगर दाबण्याच्या सरावाइतका, चांगला उपाय नाही. मात्र रायफल ड्राय फायर मोडवर टाकूनच तो करा. पेलेटचा वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास असल्यामुळे तो नळीत बराच रेंगाळतो, म्हणून शॉटनंतर एक-दोन सेकंद नेम तसाच धरून ठेवा.

आणखी एक गोष्ट, रायफल खाली घेण्याची. फौजेतल्या वेळेच्या फायरमध्ये गोळी सोडायचीच असते. इथे 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात. रिंग स्थिर झाल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर रायफल उतरवा. त्यापुढे डोळ्यासमोर जुनीच प्रतिमा राहते आणि आपल्याला ते कळतही नाही.

चाळिशीनंतर खरी कसोटी डोळ्यांची. फोरसाइट डोळ्यापासून जेमतेम मीटरभर, लक्ष्य दहा मीटरवर. प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे निरुपयोगी, कारण मान कलली की नंबर बदलतो. दूरच्या नंबरात साधारण +0.50 मिळवलेली एकच काच शूटिंग फ्रेममध्ये बसवली की फोरसाइटची रिंग धारदार दिसते. लक्ष्यावरचा काळा गोळा किंचित धूसर राहतो, तो तसाच राहू द्या. नेमका आकडा डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून काढून घ्या, जाताना डोळा ते फोरसाइट हे अंतर मोजून न्या. फोरसाइटची रिंगही फार लहान नको. गोळ्याभोवतीची पांढरी कड बारीक झाली की डोळा तीच जुळवत बसतो आणि बोट अडतं.

साफसफाईत फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी आणि तेल विसरा. नळीत फेल्टच्या गोळ्या ब्रीचकडून (नळीच्या मागच्या तोंडाकडून) कोरड्या घाला. तेल राहिलं तर पुढचे बरेच शॉट भरकटतात. वॉल्व्ह आणि ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं, इथे हलगर्जीपणा नकोच.

सिलिंडर 200 बार दाबाचा असेल तर हवा हळूहळू भरा. घाईने भरला तर तो तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. हातपंपाने भरत असाल तर ओलावा काढणारा फिल्टर हवाच. कोकणातल्या पावसाळ्यात त्याशिवाय आत पाणी साचतं. शूटिंग जॅकेटही त्याच हवेत नरम पडतं, ते पिशवीत कोंबू नका, रुंद हँगरला लावा.

पेलेटचा डबा नुसत्या मापाच्या आकड्यावरून घेऊ नका. 4.49 आणि 4.50 मिमी दोन्ही आणा, रायफल क्लॅम्पमध्ये धरून प्रत्येकी दहा-दहा शॉटचे काही ग्रुप काढा. जो बॅच जमेल त्याचेच डबे साठवा, कारण तोच आकडा दुसऱ्या बॅचमध्ये वेगळा वागतो.

वापरलेली रायफल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. साधारणपणे दहा वर्षांची मुदत असते, ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करून मागा.