एक्झोरा लावून चौदा महिने झाले, त्याचा अनुभव

मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर आहे. समोर कंपाउंडच्या भिंतीलगत बारा-एक फुटांची मातीची पट्टी रिकामी होती. मागच्या जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तिथे एक्झोरा या फुलझुडपाची सहा रोपं लावली, चार लाल आणि दोन पिवळी. आईच्या गावी, कोकणात, याला पिटकोळी म्हणतात. लहानपणी आम्ही फूल ओढून काढायचो आणि लांब नळीच्या टोकाशी असलेला मधाचा थेंब चोखायचो. या झाडावर माझा जीव आहे तो तेव्हापासून.

नर्सरीत सांगितलं होतं, "फार काही करावं लागत नाही." चार रोपांच्या बाबतीत हे अगदी खरं ठरलं. सकाळी नऊ ते दोन ऊन, पावसाळ्यानंतर एक दिवसाआड पाणी, एवढंच. पानं बारा महिने हिरवीगार, चकचकीत, आणि एक गुच्छ सुकेपर्यंत बाजूला दुसरा तयार. दुपारी शिंजीर येतो, गुच्छावर लटकून चोच घालतो. मी हातातलं काम सोडून बघत बसते.

भिंतीला अगदी चिकटून लावलेली दोन रोपं मात्र दिवाळीच्या सुमारास पिवळी पडू लागली. नवी पालवी लिंबाच्या सालीसारखी फिकी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पान उजेडात धरलं की हिरव्या दोऱ्यांची जाळी विणल्यासारखी दिसायची. आधी वाटलं पाणी कमी पडतंय, ते वाढवलं. मग शेणखत घातलं. काही फरक नाही. शेवटी खुरप्याने बुंध्याजवळ उकरलं, तर चार बोटं खाली प्लास्टरचे पापुद्रे आणि सिमेंटचे खडे! भिंतीची डागडुजी करणाऱ्यांनी राडारोडा तिथेच पुरून टाकला होता. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

एक्झोरा कॉफीच्या कुळातला. त्याला जरा आंबट माती मानवते. सिमेंट-चुन्याने मातीचा आम्लपणा जातो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. दोन्ही रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढली, दीड फूट खड्डा करून सगळा राडा उपसला, लाल माती, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा भरला आणि रोपं भिंतीपासून दोन फूट पुढे लावली. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं. जानेवारीत आलेली पालवी हिरवी होती. जुनी पानं पिवळीच राहिली आणि हळूहळू गळून गेली.

छाटणीबद्दलही सांगते. फूल फांदीच्या शेंड्याला येतं. एप्रिलमध्ये माळीदादांनी कुंपणासारखी सरळ रेघेत कात्री चालवली आणि कळ्यांचे सगळे शेंडे गेले. पुढे दीड महिना एक गुच्छ नाही. आता मी स्वतः फक्त सुकलेला गुच्छ, खालच्या दोन पानांसकट, कापते.

मिलीबग, म्हणजे कापसासारखी दिसणारी, रस शोषणारी पांढरी कीड, एकदाच लागला. मुंग्यांची रांग शेंड्याकडे चाललेली दिसली म्हणून लगेच कळलं. साबणाचं पाणी आणि नीमतेल, तीन वेळा, संध्याकाळी. बस्स.

कुंडीत लावणार असाल तर बारा इंची कुंडी आणि मिनी एक्झोरा घ्या, आणि ऊन मोजून बघा. शेजारच्या वहिनींच्या उत्तरेकडच्या गॅलरीत माझंच रोप आहे. पानं सुंदर आहेत, पण अजून एक कळी नाही. दसरा झाला की ते परत माझ्या पट्टीत आणायचं ठरलंय.