नऊ महिने ‘लार्ज ब्रीड पपी’ खाद्य : आमचा बाजी पैलवान झाला नाही, बरं झालं

बाजी घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा, आठ किलोचा. जर्मन शेफर्ड. आता अकरा महिन्यांचा, 31 किलो. मधले नऊ महिने तो याच, म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या खाद्यावर आहे.

अंगावर मांस चढावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. आमच्या गल्लीत सगळ्यांचं एकच, “पोरगं वाळलंय की ओ! गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या.” तिथं म्हशीचं ताजं दूध समोर काढून पाजतात. कोल्हापुरात कुत्र्याचासुद्धा पैलवान करायचा असतो. मीही भुललो. चौथ्या महिन्यात उभे राहिलेले कान परत लोळले, तर कुणाच्या तरी सांगण्यावरून कॅल्शियमची बाटली आणली. रोज दोन चमचे, शिवाय वाटी रिकामी दिसली की भर.

तीन आठवड्यांत गडी पुढचा पाय उचलून चालायला लागला. डॉक्टरांनी हाडावर बोट दाबलं तसा केकाटला. एक्स-रे काढला. पॅनोस्टायटिस, म्हणजे वाढत्या वयात पायांच्या लांब हाडांना येणारी दुखरी सूज; शेफर्डच्या पिल्लांत नेहमीचं, वयाबरोबर जातं म्हणाले. पण बाटलीचं कळल्यावर मला चांगलं झापलं. या खाद्यात कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं, ओलावा वजा करून जास्तीत जास्त 1.8 टक्के. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जादाचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते अंगात मुरतं आणि हाडांची वाढ बिघडते. भरमसाट खाऊ घातलं तरी तेच, वजन पुढे पळतं आणि सांधे मागे राहतात. कान दात बदलताना लोळतातच. बाजीचे सहाव्या महिन्यात आपोआप उभे राहिले.

तेव्हापासून खाद्य वाटीनं नाही, काट्यावर मोजून. दर रविवारी बाजीला उचलून वजनकाट्यावर उभा राहायचो, माझं वजन वजा करायचो. पंचवीस किलोनंतर माझीच कंबर धरली, आता दवाखान्यात नेतो. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत, एवढाच हिशेब. पाय तीन आठवड्यांत सुधारला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट टाकलंय, जिन्यावरून उड्या बंद.

तक्रारी? महाग आहे. पहिला आठवडा शी पातळ, चूक माझी, जुन्या खाद्यात थोडं थोडं मिसळायला हवं होतं. जुलैच्या पावसात पिशवी उघडी राहिली तर दाणे मऊ पडतात, म्हणून पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवतो.

आणि रविवारचा पांढरा रस्सा वाटीत ओतायचा मोह आवरा, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. आमच्या आईला हे पटायला दोन महिने लागले.

दीड वर्षाचा होईपर्यंत हेच चालू ठेवणार आहे.