घरच्या आर्केड कॅबिनेटमध्ये कन्सोल की कॉम्प्युटर? काही महिने दोन्ही वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. गेम पार्लरमधल्या मशीनसारखी उभी पेटी, म्हणजे आर्केड कॅबिनेट, माझ्या घरी आहे. या दोन खेळाडूंच्या कॅबिनेटमध्ये सुरुवातीचे काही महिने कन्सोल (प्लेस्टेशनसारखं टीव्हीला जोडायचं गेमयंत्र) होता. मग त्याच पेटीत, त्याच जॉयस्टिक आणि बटणांवर कॉम्प्युटर बसवला आणि आता तोच राहणार आहे. ताकदीचा इथे संबंध नाही. ताकदीत कन्सोल कितीतरी पुढे होता. माझा कॉम्प्युटर जुना, वेगळं ग्राफिक्स कार्डही नसलेला. फरक पडला तो स्विच दाबल्यापासून गेम सुरू होईपर्यंतच्या वाटेत.

सगळ्यात मोठा प्रश्न कंट्रोलचा. आर्केडचं बटण म्हणजे साधा स्विच. दोन वायरी जुळल्या की काम झालं. या वायरी ज्या छोट्या बोर्डाला जोडतात त्याला एन्कोडर म्हणतात. कॉम्प्युटरला तो बोर्ड कीबोर्ड म्हणून दिसला काय किंवा गेमपॅड म्हणून दिसला काय, फारसं बिघडत नाही. कन्सोल मात्र ओळखपत्र मागतो. प्लेस्टेशन ४ परवाना नसलेल्या कंट्रोलरला दर आठेक मिनिटांनी तोडतो. प्लेस्टेशन ५वर पीएस४ची फाइट स्टिक (आर्केडसारखी जॉयस्टिक आणि बटणं असलेला कंट्रोलर) पीएस४च्या गेमना चालते, पण पीएस५च्या गेममध्ये ती चालायला त्या गेमनेच तशी सोय ठेवलेली असावी लागते. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३पासून परवाना नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली. म्हणून कन्सोलसाठी ब्रूक कंपनीच्या बोर्डासारखा, अनेक कन्सोलना चालणारा बोर्ड घ्यावा लागतो आणि कन्सोलचं सॉफ्टवेअर बदललं की बोर्डाचं फर्मवेअरही (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलावं लागेल ही तयारी ठेवावी लागते.

एक्सबॉक्ससाठी एक छान रस्ता आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. २०१८ साली अपंग खेळाडूंसाठी आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला मागच्या बाजूने ३.५ मिमीचे १९ जॅक आहेत. आर्केडची बटणं साध्या वायरीने थेट त्यांत लागतात. उपकरण अधिकृत असल्यामुळे अडवणुकीचा प्रश्नच येत नाही. फक्त प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा घ्यावा लागतो.

कॉम्प्युटरवर मी कीबोर्डसारखा चालणारा एन्कोडर लावला आहे, आय-पॅक जातीचा. त्याचा खरा फायदा वापरायला लागल्यावर कळतो. दोन्ही खेळाडूंची बटणं एकाच उपकरणात असल्यामुळे पहिला खेळाडू कायम डावीकडेच राहतो. दोन वेगळे गेमपॅड-एन्कोडर असले की चालू करताना त्यांचा क्रम कधी कधी उलटतो. कन्सोलवर याचंच दुसरं रूप भेटलं: दुसऱ्या बाजूचं बटण दाबलं की ‘कोण खेळतंय, प्रोफाइल निवडा’ असा पडदा येई. पाहुण्यांना हे समजावत बसायचं म्हणजे खेळायचा उत्साहच ओसरतो. आर्केडचा सगळा आनंद या गोष्टीत आहे की समोर उभं राहायचं आणि बटण दाबायचं.

चालू-बंद करण्याचंही तसंच. मेनचा स्विच टाकला तरी कन्सोल आपणहून जागा होत नाही. त्याचं स्वतःचं किंवा कंट्रोलरचं बटण दाबावं लागतं. कॅबिनेटचं मागचं दार उघडून हात घालणं पहिल्या आठवड्यातच नकोसं झालं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर पॉवर बटणासाठी दोन पिना असतात. तिथून वायर काढून मी कॅबिनेटच्या वरच्या कडेला एक साधं आर्केड बटण बसवलं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की नीट शटडाउन. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आली की आपोआप सुरू व्हायची सोयही असते, म्हणजे मेनचा एक स्विच टाकून मार्की (कॅबिनेटच्या माथ्यावरची दिव्याची पाटी), स्पीकर आणि गेम सगळं एकदम पेटवता येतं. आत बाटोसेरा टाकलं आहे. लिनक्सवरची ही प्रणाली सरळ गेमच्या यादीवर उघडते, त्यामुळे विंडोजचे निरोप आणि अपडेट मध्ये येत नाहीत.

आता उभ्या गेमबद्दल, कारण माझं खरं प्रेम तिथे आहे. पॅक-मॅन (१९८०), गॅलागा (१९८१), डाँकी काँग (१९८१) हे सगळे उभ्या स्क्रीनचे गेम. २७ इंची आडव्या स्क्रीनवर असा गेम लावला तर रुंदीचा निम्म्याहून जास्त भाग काळा राहतो आणि चित्राचा कर्ण साधारण साडेसोळा इंच भरतो. तीच स्क्रीन उभी केली तर तो सुमारे २२ इंच होतो. डोळ्यांना फरक लगेच जाणवतो. मी स्क्रीन फिरवता येईल असा ब्रॅकेट लावला आहे. कन्सोलवर, खास करून निन्टेन्डो स्विचवर, इकारुगासारख्या कितीतरी शूटिंग गेममध्ये चित्र फिरवायची सोय आहे आणि ती चांगली चालते. पण कन्सोलचा मेनू आडवाच राहतो! गेम बदलायचा तर मान वाकडी करून वाचा. कॉम्प्युटरवर सगळंच फिरतं, यादीसकट.

जुन्या गेमचा वेगही नेमका ६० हर्ट्झ नसतो. मॉर्टल कॉम्बॅटचं मूळ मशीन सेकंदाला सुमारे ५४.७ फ्रेम दाखवायचं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर त्याला एकतर झटके बसतात, नाहीतर तो जवळपास दहा टक्के जलद पळतो. फ्रीसिंकसारखी, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलायची, सोय असलेल्या स्क्रीनवर मेम हा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक गेम त्याच्या मूळ वेगाने चालवतं. १९९७पासून विकसित होत आलेल्या या इम्युलेटरवर किती माणसांनी किती खपून काम केलंय ते अशा बारकाव्यांत दिसतं. शिवाय त्यात आठ दिशांच्या जॉयस्टिकला चार दिशांची करता येतं. पॅक-मॅनमध्ये वळण चुकत असेल तर आधी हे करून बघा. आणखी चांगला उपाय म्हणजे जॉयस्टिकखालचा गेट, म्हणजे दांडीची हालचाल मर्यादित करणारी चकती, फिरवणं. सान्वा जेएलएफ या जॉयस्टिकमध्ये तो नुसत्या क्लिपांवर बसलेला असतो, स्क्रू काढावे लागत नाहीत. ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा चेंडू) किंवा स्पिनर (गोल फिरवायची चकती) लावायचा असेल तर कन्सोलचा विचारच सोडा. कॉम्प्युटर त्यांना माउस समजतो आणि लगेच चालवतो.

मग कन्सोल कुठे भारी पडला? नव्या फायटिंग गेममध्ये, आणि तिथे अगदी निर्विवाद. स्ट्रीट फायटर ६ माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर धड उघडतही नाही. कन्सोलवर तो सहा बटणांच्या पॅनेलवर असा बसतो की जणू कॅबिनेटसाठीच बनवलाय. स्ट्रीट्स ऑफ रेज ४ दोघांनी मिळून खेळायला फार मजा आली. पण यापलीकडचे आजचे बहुतेक मोठे गेम दोन अ‍ॅनालॉग स्टिक गृहीत धरतात आणि कॅबिनेटवर ते खेळताच येत नाहीत. एवढं महागडं यंत्र पेटीत बंद करून त्यावर मोजके गेम खेळायचे, हे मला पटेना. ते दिवाणखान्यातल्या टीव्हीखालीच शोभतं.

गेम कायदेशीर मार्गाने मिळवणं कन्सोलवर सोपं आहे. हॅम्स्टरची आर्केड आर्काइव्ह्ज मालिका, कॅपकॉमचं आर्केड स्टेडियम. विकत घ्या आणि खेळा. आर्केड स्टेडियम स्टीमवरही आहे. इम्युलेटर बेकायदा नाही, गेमच्या रॉमवर (मूळ गेमच्या फाइलवर) मात्र हक्क असतात, हे लक्षात ठेवून मी विकत मिळतं ते विकतच घेतो. पण निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसच्या दुकानातली विक्री मार्च २०२३मध्ये बंद केली. कॅबिनेट वीस वर्षं टिकावं म्हणून आपण लाकूड निवडतो. आतला संग्रह एखाद्या दुकानावर अवलंबून ठेवायला माझं मन धजत नाही.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. बंद पेटीत कन्सोल स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि पंखा ओरडायला लागतो. खाली जाळी, वर १२० मिमीचा हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढ्यावर माझं भागलं. कॉम्प्युटरलाही तीच व्यवस्था पुरते.

नवे फायटिंग गेम खेळायचे असतील तेव्हा कन्सोल आणून जोडता यावा म्हणून सध्या पॅनेलखाली एचडीएमआय आणि यूएसबीची एकेक वायर बाहेर काढून ठेवली आहे. यूएसबी ब्रूकच्या बोर्डाकडे जाते, आणि तो पहिल्या खेळाडूच्या बटणांना एन्कोडरच्या जोडीनेच लावला आहे. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड (बटणांची सामायिक वायर) एकत्र ठेवायला विसरू नका. दुसऱ्या खेळाडूला अजून हातातला कंट्रोलर घ्यावा लागतो, त्याच्या बाजूलाही तसाच बोर्ड लावायचा बाकी आहे.