जुन्या सुपरमार्केटच्या जागी लॅटिनो बाजार उघडलाय: घरची खरेदी तिकडे वळवावी का?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हे आता नवं राहिलेलं नाही. वर्षानुवर्षं जिथून दूध-अंडी आणली ते सुपरमार्केट बंद होतं. भलीमोठी जागा काही काळ ओस पडते आणि एक दिवस त्याच इमारतीवर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या दुकानाची स्पॅनिश पाटी चढते. मग ओळखीपाळखीत प्रश्न सुरू होतात. आता जुन्या साखळीच्या दुसऱ्या शाखेत लांब जायचं, इंडियन स्टोअरवरच भागवायचं, की या नव्या दुकानात शिरायचं?

माझं मत आधीच सांगते. ताजी भाजी, फळं, मिरच्या, कोथिंबीर आणि लिंबं यांच्यासाठी नवं दुकान बाकीच्या दोघांपेक्षा सरस आहे, आणि आपल्या स्वयंपाकाला त्याचा जितका उपयोग आहे तितका आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नसतो. डाळी, पिठं, तांदूळ, मसाले मात्र तिथून आणायच्या भानगडीत पडू नये. जुनं दुकान गेल्यामुळे खरी अडचण किराण्याची होत नाही, औषधांची होते. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

आधी हे दुकान कुणाचं आहे ते बघा. एक प्रकार म्हणजे मोठ्या अमेरिकन साखळीनं स्वतःच पाटी बदललेली. पब्लिक्सनं 2005 साली फ्लोरिडातल्या किसिमीमध्ये 'साबोर' काढलं, टेक्ससच्या एच-ई-बीनं 2006 साली ह्यूस्टनजवळच्या पॅसाडेनात 'मी तिएन्दा' सुरू केलं. वॉलमार्टनंही 2009 मध्ये ह्यूस्टन आणि फिनिक्समध्ये 'सुपरमेर्कादो' उघडून बघितलं, पण थोड्याच वर्षांत तो प्रयोग गुंडाळला. हायलिया हे मायामीला लागून असलेलं, क्युबन वस्तीचं शहर. तिथं 2016 मध्ये विन-डिक्सीच्या दुकानाचंच 'फ्रेस्को इ मास' झालं. पुढे मूळ कंपनी आल्डी या दुसऱ्या साखळीकडे गेली आणि हा भाग वेगळा विकला गेला.

दुसरा प्रकार कुटुंबांनी उभ्या केलेल्या साखळ्यांचा. कॅलिफोर्नियातली नॉर्थगेट (1980), कार्देनास (1981) आणि वायार्ता (1985) ही नावं तिकडच्या वाचकांच्या ओळखीची असतील. यांच्यातल्या कार्देनासची मालकी आता गुंतवणूकदारांकडे गेली आहे, पण दुकान चालवण्याची रीत तीच राहिली. खाटकाचा मोठा काउंटर, आवारातच भाजल्या जाणाऱ्या टॉर्टिया (मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळ्या), पाव-बिस्किटांची भट्टी आणि गरम जेवणाचं स्वयंपाकघर. माझा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे. पाटी बदललेल्या दुकानात पुष्कळदा मधल्या रांगा जुन्याच राहतात, आणि भाजीच्या विभागात आपल्याला हवं ते मोजकंच सापडतं.

मालकाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे दुकान कोणत्या देशाच्या लोकांसाठी आहे. आपण सरसकट 'मेक्सिकन' म्हणून मोकळे होतो, तिथंच निवड चुकते. टेक्सस, कॅलिफोर्निया, ॲरिझोना इथं बहुतेक दुकानं मेक्सिकन वळणाची. मायामीकडे क्युबन वळण: काळा घेवडा, युका म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, आणि मलांगा, जो आपल्या अळकुड्यांच्याच कुळातला आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स इकडे पोर्तो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिकच्या लोकांची दुकानं जास्त, आणि विदर्भातल्या माणसानं तिथं गेलंच पाहिजे. त्यांच्या फ्रीझरमध्ये 'गांदुलेस' मिळतात. हे तुरीचे ओले दाणे. ते लोक त्यांचा भात करतात आणि सणाला तो हवाच असतो. सोलेभात किंवा सोल्यांची आमटी करायची तर याहून सोयीचं काही नाही. डब्यातलेही मिळतात, पण त्यांना खारवलेल्या पाण्याची चव असते. गोठवलेलेच घ्या.

आता भाजी. मराठी घरात रोज लागणारी हिरवी मिरची साध्या अमेरिकन दुकानात हालापिन्यो असते. ती जाड, पाणचट आणि ठेच्याला निरुपयोगी. लॅटिनो दुकानात सेरानो ढिगानं असते. ती बारीक, तिखट, आणि तव्यावर लसूण-मिठाबरोबर ठेचली की ठेचा ठेच्यासारखा लागतो. लिंबांचंही तसंच. अमेरिकन दुकानातलं मोठं, बिनबियांचं लिंबू रसाला बरं असतं, वासाला नाही. मेक्सिकन दुकानात त्याच्या शेजारी छोटं, पातळ सालीचं लिंबू असतं. तेच आपलं कागदी लिंबू. लोणचं घालायचं असेल तर हेच घ्यावं.

कोथिंबिरीत तर स्पर्धाच नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला ती रोज जुडीनं लागते, त्यामुळे माल पडून राहत नाही. इंडियन स्टोअरमध्ये आठवड्याच्या शेवटी गाडी येते आणि शुक्रवारी-शनिवारी भाजी छान असते. मंगळवारी गेलात तर पिवळी पानं निवडत बसावं लागतं. मेथी, कढीपत्ता, गवार, तोंडली, दुधी यांना मात्र इंडियन स्टोअरशिवाय पर्याय नाही, ही त्याची मोठी बाजू.

पण जे इंडियन स्टोअरमध्येही सहज मिळत नाही ते या दुकानात सापडतं. 'वेर्दोलागास' अशी पाटी असलेली मांसल पानांची जुडी म्हणजे घोळ. मेक्सिकोत ती हिरव्या रश्श्यात डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. आपण डाळ घालून किंवा पीठ पेरून करतो. माठाच्या कुळातल्या पालेभाज्याही काही दुकानांत 'केलितेस' किंवा 'किंतोनील' या नावानं येतात. सुकवलेली लाल 'हमायका' म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांवरची लाल आवरणं. तिचं सरबत अंबाडीच्या बोंडांच्या सरबताहून वेगळं लागत नाही. राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून केलेल्या वड्या 'आलेग्रिया' म्हणून विकतात, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशी बरंच साम्य असलेल्या. यात नवल नाही. राजगिरा, रताळं, बटाटा, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद, म्हणजे आपलं जवळजवळ सगळं उपवासाचं ताट, अमेरिका खंडातून आलं आहे. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ आणि चिकू यांचीही मूळ भूमी तिकडचीच. म्हणून या भाजी विभागात मराठी माणसाला परकं वाटत नाही.

फळांबद्दल एक सावधगिरी. तिथं पपई, पेरू, केळी बहुधा पिकलेली किंवा पिकण्याच्या बेतात असतात. आजच्या उद्या खायची असतील तर उत्तम. आठवड्याचं एकदम भरून ठेवणाऱ्या घराला ते जमत नाही, त्यांनी फळं जुन्या पद्धतीच्या दुकानातून आणलेली बरी. उन्हाळ्याच्या तोंडावर मेक्सिकोचा पिवळा अताउल्फो आंबा पेटीनं येतो. हापूसची बरोबरी तो करत नाही, पण रेषा नसलेला आणि गोड असल्यामुळे आमरसाला चालतो. हिरव्यागार असताना घेऊन घरी पिकवला तर जास्त चांगला.

शाकाहारी घरांनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण इथं लॅटिनो दुकान साध्या दुकानापेक्षा जास्त दक्षता मागतं. मक्याच्या टॉर्टियात मुळात मका, चुना आणि पाणी असतं. गव्हाच्या टॉर्टियात, शिजवून परतलेल्या घेवड्यात, तमालेच्या (पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात आणि काही पावांत डुकराची चरबी घालायची परंपरा आहे. वेष्टनावर 'मांतेका' हा शब्द शोधा. 'मांतेका वेहेताल' असेल तर ते वनस्पती तूप. दुकानातच केलेल्या, सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर यादी नसेल तर काउंटरवर विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर सोडून द्या. 'केसो फ्रेस्को' पनीरसारखं दिसतं आणि तव्यावर वितळत नाही. पण पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, तर या चीजला बहुधा रेनेट हे दूध गोठवणारं द्रव्य लागतं आणि ते वासराच्या जठरातलंही असू शकतं. शिवाय ते खारट असतं. ज्यांना रेनेटचं काही वाटत नाही त्यांनी भाजीत वापरताना मीठ आधी घालू नये. बाकीच्यांनी पनीर इंडियन स्टोअरमधूनच आणावं.

मटण खाणाऱ्यांसाठी चित्र निराळं. 'चिवो' म्हणजे बोकडाचं मटण, हाडासकट कापलेलं. साध्या अमेरिकन दुकानात ते जवळपास कधीच नसतं. लॅटिनो दुकानात असतं, पण बऱ्याचदा गोठवलेलं. ताजं आणि आपल्याला हव्या त्या तुकड्यांत हवं असेल तर हलाल खाटिक अजूनही वरचढ. शिवाय लॅटिनो काउंटरवर गोमांस, डुकराचं मांस आणि मटण शेजारी-शेजारी असतं, करवतही एकच असू शकते. ज्यांना हे चालत नाही त्यांचा निर्णय इथंच झाला. चिकन मात्र इथं मनासारखं मिळतं. सालं काढून, रश्श्याचे तुकडे करून द्या म्हटलं की देतात. नंबराची चिठ्ठी आधी घ्यायला विसरू नका. मासळीत पापलेट-बोंबलांची अपेक्षा ठेवू नये. 'सिएरा' दिसली तर घ्या, ती सुरमईच्याच कुळातली आहे आणि रवा लावून तळायला चांगली.

किराण्याला जास्त शब्द नकोत. तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ, ज्वारी-बाजरीचं पीठ, आंबेमोहर, गोडा मसाला: इंडियन स्टोअर. पटेल ब्रदर्सनं 1974 मध्ये शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पहिलं दुकान टाकलं तेव्हापासून हे जाळं आपल्यासाठीच विणलं गेलंय. लॅटिनो दुकानातून राजम्याच्या जातीचे घेवडे, छोले, कच्चे शेंगदाणे आणि चिंच आणायला हरकत नाही. 'पिलोनसिय्यो' हा उसाचा गूळच, पण दगडासारखा कडक शंकू असतो, किसून किंवा पाण्यात विरघळवून वापरावा लागतो. आमटीला चालतो, पुरणाला मी वापरत नाही. मक्याच्या भाकरीसाठी 'मासा हारिना' घेऊ नका. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो. भाकरी सुरेख थापता येते, पण चव टॉर्टियाचीच येते.

वडापावाचा पाव शोधणाऱ्यांना बोलिय्यो हा मेक्सिकन पाव सुचवला जातो. त्याचं कवच कडक असतं, वडा दाबला की बाजूनं निसटतो. तेलेरा हा दुसरा पाव जरा मऊ, आणि भुर्जीबरोबर छान.

सणांच्या दिवसांत हे दुकान इतर दोघांवर मात करतं. 1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकन लोक मृतांचा दिवस पाळतात आणि त्याला झेंडू लागतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी झेंडूच्या कुंड्या आणि जुड्या दाराशीच मांडलेल्या असतात. 2024 साली लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवसांत आलं होतं. दिवाळीच्या तोरणासाठी त्याआधीचे काही दिवस लक्ष ठेवावं. नाताळच्या पेयासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात ऊसही येतो, तो कधी कधी तुळशीच्या लग्नाला साधतो. तमालेसाठी केळीची पानं गोठवलेली मिळतात. पानगीला ती पुरेशी असतात.

आता औषधांची गोष्ट. जुन्या सुपरमार्केटात बहुधा औषधाचं दुकान, कधी बँकेची खिडकी आणि पेट्रोलवर सूट देणारं कार्ड असायचं. लॅटिनो दुकानात त्या जागी पैसे मायदेशी पाठवण्याची खिडकी, चेक वटवण्याची सोय आणि मोबाइलचं दुकान येतं. त्या वस्तीची ती खरी गरज आहे. पण घरात रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला लागत असतील, भारतातून आई-बाबा राहायला आलेले असतील, तर किराण्याचं ठरवण्याआधी प्रिस्क्रिप्शन कुठं हलवायचं ते ठरवा. जुनं दुकान बंद होताना त्या नोंदी बहुधा दुसऱ्या औषधाच्या दुकानाकडे जातात. ते घरापासून लांब असेल तर जवळच्या दुकानाला सांगून नोंदी तिकडे मागवून घेता येतात. घरपोच मागवण्याची किंवा गाडीत आणून देण्याची सवय असलेल्यांनाही जुन्या साखळीची जवळची शाखा सोडवणार नाही, आणि त्यांनी सोडूही नये.

अशी जागा पुन्हा किराण्यासाठीच उघडली याचा मला मनापासून आनंद होतो. काही साखळ्या दुकान बंद करताना करारात अट घालतात की इथं दुसरा किराणावाला येऊ नये, आणि मग ती इमारत वर्षानुवर्षं रिकामी राहते. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना दुधाच्या पिशवीसाठी दोन बस बदलाव्या लागतात. शीतखोल्या, मालाचा धक्का, पार्किंग सगळं तयार असताना कुणीतरी तिथं भाजी विकतंय, ही त्या वस्तीसाठी चांगली बातमी आहे, मग तुम्ही तिथून खरेदी करा वा न करा.

उद्घाटनाच्या आठवड्यातल्या भावांवरून काही ठरवू नका, ते गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतात. महिनाभरानं एखाद्या बुधवारी जा, कारण बऱ्याच लॅटिनो दुकानांत भाजी-फळांची सूट बुधवारी असते. मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, टोमॅटो, कांदे एवढंच घ्या. त्याच आठवड्याची जुन्या साखळीची आणि इंडियन स्टोअरची पावती शेजारी ठेवा. भाव पौंडाचा आहे की नगाचा ते आधी बघा, कारण एकाच भाजीला एक दुकान वजनावर आणि दुसरं जुडीवर विकतं. कोथिंबिरीची जुडी तर तिन्हीकडे वेगळ्या आकाराची असते, ती घरी आणून वजन करावी.